हजेरीला आलेला बगळा

सूनबाई दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली, तेव्हा तिने नवऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या आणि सासऱ्यांच्या हाती माशांच्या खाण्याचा डबा. "बाबा, नऊ आहेत. सकाळी एकदा, चिमूटभर. बाकी काही करायचं नाही," एवढंच म्हणाली आणि गाडीत बसली. पण बसण्याआधी तिने मागच्या अंगणातल्या तळ्याकडे जी नजर टाकली, ती सासऱ्यांनी, म्हणजे ठणकाकांनी, बरोबर टिपली. पोराला शाळेत पहिल्यांदा सोडून परत फिरणाऱ्या आया अशाच बघतात. सदतीस वर्षं शाळेच्या फाटकात उभं राहून काकांनी दुसरं पाहिलं काय होतं?

ठणकाका म्हणजे शाळेचे शिपाई. आता निवृत्त. नाव पोरांनी ठेवलेलं, कारण शाळेची घंटा त्यांच्या हातात. ताटाएवढी, बोटभर जाड पितळेची घंटा, आणि तिच्यावर लाकडी हातोडीचा टोला पडला की दोन गल्ल्यांपलीकडच्या आळशी पोराचेही पाय पळायला लागायचे. काका निवृत्त झाले त्याच दिवशी शाळेने भिंतीवर विजेची घंटा बसवली आणि जुनी हातोडीसकट त्यांना भेट दिली. विजेच्या घंटेबद्दल काकांचं मत विचारू नका. विचारलंत तर चहा थंड होईल, मत संपणार नाही.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. निवृत्तीनंतर मुलाने हट्टाने काकांना आपल्या घरी आणलं. आल्या आल्या काकांनी घंटा दारामागच्या बोळात टांगायचं ठरवलं, खिळा ठोकायला स्टूल घेतलं, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "बाबा, इथे डोक्याला लागेल हो." काकांनी स्टूल जागेवर ठेवलं, घंटा जुन्या चादरीत गुंडाळली आणि खाटेखाली सरकवली. त्याला आता आठ महिने झाले. सून वाईट नव्हती. वेळेवर चहा द्यायची, गोळ्यांची आठवण करायची, "बाबा" म्हणायची. पण काकांना वाटायचं, आपण या घरात पाहुण्यासारखे आहोत. पाहुण्याला कुणी काम सांगत नाही. आणि इतक्या महिन्यांत सुनेने पहिल्यांदा त्यांना काम सांगितलं होतं.

तेही कसलं? तिच्या जिवापाड जपलेल्या तळ्याचं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः कुदळ घेऊन तिने हे तळं खणलं होतं. एका बाजूला उथळ पायरी, दुसऱ्या बाजूला छातीइतकं खोल, मध्ये पाणवनस्पती. नवऱ्याने तेव्हा हसून विचारलं होतं, "डासांची सोय करतेयस का?" उत्तर म्हणून तिने दुसऱ्या दिवशी मासे आणले होते.

तेव्हा काकांनी मनाशी गाठ बांधली. नऊ दिलेत, नऊ परत द्यायचे.

पहिले दोन दिवस त्यांनी सांगितलं तसंच केलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. खाण्याची वेळ ठरलेली आहे, हजर राहणारे नऊ जण आहेत, आणि घंटा नाही? हे काय शाळेचं वळण झालं? त्यांनी खाटेखालून चादर ओढली, घंटेला चिंचेने घासून लखलखीत केलं आणि तळ्याजवळच्या कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबाला टांगली. पावणेआठ वाजता तीन टोले. मग चिमूटभर खाणं.

आठवड्याभरात चमत्कार झाला. पहिल्या टोल्याला पाणी हललं, दुसऱ्याला झाडांखालून शेंदरी पाठी निघाल्या, तिसऱ्याला नऊच्या नऊ मासे उथळ पायरीवर तोंडं वर करून उभे. अगदी रांगेत नाही, पण सातवीचा वर्ग तरी कुठे रांगेत उभा राहायचा! काकांना भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे हजेरी घेतली. सगळ्यात मोठा, पांढऱ्या डोक्याचा तो हेडमास्तर. शेपूट फाटलेली ती लंगडी. काळा डाग असलेला ठिपका. बाकीच्यांचीही नावं पडली. दीड चिमूट खाणं टाकून काका समाधानाने आत जायचे आणि चहा ठेवायचे. मासे मात्र आणखी काही मिळेल या आशेवर पायरीवरच घुटमळत राहायचे.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांचं मशीन खिडकीशी, आणि खिडकी थेट तळ्यावर. "काका, बरं झालं हो घंटा काढलीत," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "माझं घड्याळ बंद पडलंय. आता तुमच्या टोल्यावर दूध तापवते."

काकांची छाती दोन इंच फुगली. दुसऱ्या आठवड्यात ती परत जागेवर आली, कारण ठिपका गैरहजर होता.

त्यांनी झाडं चाळली, दगड हलवून पाहिले. ठिपका नाही. संशय गल्लीतल्या बोक्यावर गेला. काकांनी पायरीभोवती काटेरी फांद्या रचल्या आणि बोक्याला दिवसभर अशी काही जरब दाखवली, की त्या बिचाऱ्याने गल्ली बदलली. चार दिवसांनी आणखी एक शेंदरी मासा नाहीसा झाला. आता सात.

काकांना चहा गोड लागेना. रोज संध्याकाळी सुनेचा फोन यायचा आणि ती मुलाला शेवटी विचारायची, "मासे बरे आहेत ना?" मुलगा ताटातून मान वर न करता म्हणायचा, "मजेत आहेत." त्याचा काही दोष नव्हता. त्या तळ्यात म्हैस बसवली असती तरी त्याच्या लक्षात आलं नसतं.

शेवटी उलगडा शिवणवाल्या बाईंनी केला. दातांतला दोरा काढून त्या सहज म्हणाल्या, "काका, तुमचा नवीन विद्यार्थी भारी शिस्तीचा आहे हं."

"कोण विद्यार्थी?"

"अहो, तो राखी बगळा. तुमची घंटा झाली की माझ्या पाण्याच्या टाकीवर येऊन उभा राहतो. तुम्ही आत गेलात की खाली उतरतो. मला वाटलं, तुम्हीच त्याला बोलावता."

काकांनी वळून रिकाम्या टाकीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन टोले दिले आणि खाणं न टाकता मोरीच्या दाराआड लपले. शेवटच्या टोल्याचा नाद अजून हवेत होता, तेवढ्यात टाकीवर लांब पाय टेकले. मान आत ओढून, डोळा खाली लावून, बगळा शांत उभा. खाली पायरीवर सात मासे तोंडं वर करून रांगेत. ताट वाढलेलं, पाहुणा आलेला, आणि घंटा वाजवून दोघांची गाठ घालून दिली कुणी?

"अरे देवा," काका म्हणाले आणि केरसुणी घेऊन धावले.

सदतीस वर्षांत त्यांच्या घंटेमुळे कुणाला उशीर झाला नव्हता. बगळ्यालाही झाला नाही.

त्या दिवसापासून लढाई सुरू झाली. पहिला उपाय जाळ्याचा. जाळं म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला बाजारातलं बारीक जाळं आठवलं असतं. काकांना शाळेच्या खेळाच्या खोलीतलं आठवलं. जुन्या ओळखीने ते व्हॉलीबॉलचं टाकाऊ जाळं घेऊन आले आणि तळ्यावर ताणून बसवलं. शिवणवाल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "काका, चेंडू अडवायचाय की बगळा?" बगळ्याने एका चौकोनातून चोच आत घातली, पाणी ढवळलं आणि दुसऱ्या चौकोनातून बाहेर काढून दाखवली.

दुसरा उपाय बुजगावण्याचा. काकांनी आपला जुना खाकी गणवेश दिला, बाईंनी गोणपाटाचं डोकं शिवलं आणि वर मिशाही लावल्या. बुजगावणं इतकं हुबेहूब झालं, की सकाळी मुलगा त्याला "बाबा, टॉवेल कुठेय?" म्हणून विचारून गेला. दोन दिवस बगळा लांब राहिला. तिसऱ्या दिवशी तो त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, एक पाय वर घेऊन. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन शिपाई ड्यूटीवर आहेत.

तिसरा उपाय जरा बरा होता. बगळा उडत येऊन पाण्यात पडत नाही. तो काठावर उतरतो आणि चालत उथळ पाण्यात शिरतो. हे काकांनी दाराआडून चार वेळा नीट पाहिलं. म्हणून त्यांनी काठाभोवती खुंट्या ठोकल्या आणि गळाची नायलॉनची दोरी दोन थरांत ताणली, एक वीतभर उंचीवर आणि दुसरी गुडघ्याइतकी. मासे धरायच्या दोरीने मासे राखायचे, याचं त्यांचं त्यांनाच हसू आलं. दोरी इतकी बारीक की दिसतच नव्हती. बगळा दोनदा अडखळला आणि चिडून उडाला. तिसऱ्यांदा मुलगा अडखळला आणि टॉवेलसकट तळ्यात गेला.

"बाबा!" तो डोक्यावर पाणवनस्पती घेऊन उभा राहिला. "कामावर जायचंय मला!"

"आवाज कमी कर," काका कळवळून म्हणाले. "हेडमास्तर घाबरलेत."

पण दोरीलाही फट निघाली. एका बाजूला मोठा दगड होता, तिथे खुंटी बसेना. बगळ्याने ती वाट दोन दिवसांत शोधली. मासे वाचले ते केवळ काका चहा सोडून धावले म्हणून. आता त्यांनी खरोखर हात टेकले. घंटा तर लढाईच्या पहिल्याच दिवशी बंद केली होती, तरी पावणेआठला मासे आपले पायरीवर हजर आणि बगळा टाकीवर हजर. शिकवलेलं विसरत नाहीत, ही चांगल्या विद्यार्थ्यांची खोड असते.

त्या दुपारी काका मागच्या दाराच्या पायरीवर बसून हातोडीशी चाळा करत होते, आणि त्यांना शाळेतली दुसरी घंटा आठवली. तीन टोल्यांची नव्हे, सलग वाजणारी. आगीची. दर सहामाहीला तिचा सराव व्हायचा. ती वाजली की पुस्तक, दप्तर, डबा सगळं टाकून पोरं मोकळ्या मैदानात पळायची. एकदा शिकवलेलं विसरत नाहीत ना? मग आणखी एक गोष्ट शिकवायची.

मोरीच्या कामातून उरलेले खापराचे जाड पाइप कुंपणाशी पडले होते. काकांनी चार पाइप तळ्याच्या खोल बाजूला सोडले. खाणं द्यायची वेळ बदलली, जागा बदलली. आता संध्याकाळी, खोल बाजूला, घंटेशिवाय, आणि शेवटचा दाणा संपेपर्यंत स्वतः उभं राहून. आणि दिवसातून चार वेळा, केव्हाही, सलग घंटा. ठणठणठणठण. घंटा वाजते न वाजते तोच काका केरसुणीने पाण्यावर सपासप मारायचे. मासे जिवाच्या आकांताने पाइपात घुसायचे.

पहिल्या दिवशी मुलगा अर्ध्या गालाला साबण लावून धावत आला. "कुठे लागलीय आग?"

"कुठे नाही. सराव आहे. जा, उरलेला गाल कर."

शिवणवाल्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, पण त्यांचंही दूध दोनदा उतू गेलं. दहाव्या दिवशी काकांनी केरसुणी दूर ठेवली आणि नुसती घंटा वाजवली. एका क्षणात तळं रिकामं. चार पाइपांतून सात शेपट्या दिसत होत्या. लंगडीची जरा बाहेर राहिली होती, पण वर्गात एखादी ढिली असतेच.

मग खरी परीक्षा. सकाळी पावणेआठला काकांनी सलग घंटा वाजवली आणि आत जाऊन खिडकीशी बसले. बगळ्याने घंटा ऐकली. त्याला बिचाऱ्याला तीन टोले काय आणि तीस काय, घंटा म्हणजे न्याहारी. तो टाकीवरून उतरला, दगडाच्या वाटेने ऐटीत आत शिरला आणि पायरीवर उभा राहिला. समोर नुसतं पाणी. अर्धा तास तो हलला नाही. काकांनी तेवढ्यात दोन कप चहा घेतला, आणि कित्येक दिवसांनी तो गोड लागला. दुसऱ्या दिवशी बगळा पंधरा मिनिटं थांबला. चौथ्या दिवशी टाकीवरूनच डोकावून गेला. सहाव्या दिवशी आलाच नाही. काकांनी त्याचं नाव पटावरून कमी केलं.

पण गेलेले दोन परत येणार नव्हते, आणि सूनबाई परवा यायची होती.

मुलाला शेवटी काकांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच ना? दोन नवीन आणून सोडा. तिला काय कळतंय!" काका खरंच माशांच्या दुकानात गेले. काळा डाग असलेला एक आणि शेंदरी एक, असं सांगितल्यावर दुकानदार हसला. "हेच मासे आमच्या एक ताई नेहमी नेतात. काढू का?" त्याने जाळी पाण्यात घातली. ठिपक्यासारखा ठिपका वर आला. आणि काकांना भलतंच काही आठवलं.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका वरिष्ठांना घाई होती म्हणून काकांनी शाळा सुटायची घंटा दहा मिनिटं आधी दिली होती. सगळी पोरं हसत गेली. पहिलीतली एक मुलगी फाटकाशी उभी राहिली, कारण तिची आई वेळेवर येणार होती, आधी नाही. ती दहा मिनिटं तिने रडून काढली. काकांनी तिचा हात धरला होता, पण तिला सांगायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्यानंतर त्यांनी खोटी घंटा कधी दिली नाही.

"राहू द्या," ते दुकानदाराला म्हणाले आणि रिकाम्या हाताने घरी आले.

सूनबाई आली ती बॅग दारात टाकून थेट मागच्या अंगणात गेली. काका आधीच तिथे उभे होते, अंगावर धुतलेला सदरा, हात मागे. बुजगावणं, दोरी, पाइप, खांबावरची घंटा, सगळं तिने एका नजरेत पाहिलं. ती काही विचारायच्या आत काकांनी बोलायला सुरुवात केली, कारण थांबले असते तर धीर सुटला असता.

"सात आहेत. नऊ दिले होतेस, दोन गेले. चूक माझी. मी त्यांना घंटेवर यायला शिकवलं आणि त्या घंटेवर बगळा यायला लागला. तू म्हणाली होतीस, बाकी काही करायचं नाही. मी केलं." मग जरा थांबून म्हणाले, "रागाव मला. पण आता येत नाही तो."

सूनबाई तळ्याच्या काठावर मटकन बसली. "बगळा?" ती म्हणाली. "बगळा होता?"

"राखी रंगाचा. हा एवढा."

ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि काकांना कळेना की आता पाणी आणावं की मुलाला हाक मारावी.

"बाबा, गेल्या वर्षात माझे अकरा मासे गेलेत," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. मी सातला घर सोडते, संध्याकाळी येते, तर एक कमी. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय, पाणी चुकतंय, खाणं चुकतंय. हे आधीच हसले होते, डासांची सोय म्हणून. मग मी येताना दुकानातून गुपचूप एक आणायचे आणि सोडायचे. आणि तुम्ही आल्यापासून तर धडकीच भरली. सदतीस वर्षं शिस्तीत काढलेला माणूस, म्हणेल, हिला नऊ मासे सांभाळता येत नाहीत. जाताना वाटलं होतं, परत येईपर्यंत एकही उरायचा नाही. आणि तुम्ही सात राखलेत!"

काका खाली बसले, तिच्या शेजारी. "म्हणजे माझ्या घंटेआधीही येत होता तो?"

"जेवतच होता की. फक्त वेळ ठरलेली नव्हती."

यावर दोघं इतकी हसली, की शिवणवाल्या बाईंचं मशीन थांबलं. काकांनी मग तिला पाइप दाखवले, दोरी दाखवली, दगडापाशी फट कुठे राहिली ते दाखवलं. तिने दगडाला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाली, "इथे खुंटीला भोक मी पाडते, माझं ड्रिल आहे." साऱ्या गावाला चष्मे लावणाऱ्या आपल्या सुनेला वर्षभर घरचा बगळा दिसला नव्हता, ही गंमत काकांच्या जिभेवर आली होती. पण आजचा दिवस त्यांनी ती गिळली.

संध्याकाळी ड्रिलचा आवाज आला, तो तळ्याकडून नाही, मागच्या दारातून. काका उठून बघायला गेले. सूनबाई स्टुलावर उभी राहून दाराबाहेरच्या तुळईत जाड लोखंडी आकडा बसवत होती.

"हे काय चाललंय?"

"खांबावर घंटा पावसात काळी पडेल. बाबा, जरा इथे खाली उभे राहा बघू. ताठ. डोक्याला लागेल का?"

काका उभे राहिले. आकडा इतका उंच होता, की घंटा टांगली तरी डोक्यावर चांगली हातभर जागा राहणार होती.

"मी तेव्हाच म्हणणार होते, की बाहेर टांगू," ती स्टुलावरून खाली न बघता म्हणाली. "पण तुम्ही लगेच गुंडाळून ठेवलीत. मला वाटलं, रागावलात."

काकांनी खांबावरची घंटा सोडून आणली. त्यांनी घंटा दोन्ही हातांनी उचलून तिच्याकडे दिली. तिने ती आकड्यात अडकवली, मग हातोडी मागितली आणि एक टोला दिला. टोला कडेला बसला, नाद फाटका निघाला, तरी तळ्यातले सात मासे पाइपात पळाले.

"मनगट सैल सोड," काका म्हणाले. "दे इकडे, दाखवतो."